हातचा एक

पंखाला शिडी लावून मी पेट्रोल भरतो.
निळं असतं ते, कपड्यांना घालायच्या निळीसारखं,
बोटांना लागलं की आधी गार करतं, मग उडून जातं.
बावीस वर्षं हेच.
नॉर्थ डकोटाच्या या पश्चिम टोकाला
धावपट्टी एक, पंप एक,
वारा मात्र हवा तेवढा.

इथे मुलं येतात तास गोळा करायला.
दीड हजार झाल्याशिवाय
मोठ्या विमानाच्या दाराशी कुणी उभं करत नाही.
आणि नुसते दीड हजार नव्हेत:
त्यांतले शंभर रात्रीचे,
पाचशे लांब पल्ल्याचे,
पंचाहत्तर असे की बाहेरचं काही बघायचं नाही,
सुया सांगतील तेच खरं,
पोट काहीही म्हणो.
प्रत्येकाला रकाना. रकान्याखाली बेरीज.
सहा मिनिटं म्हणजे एक दशांश.
पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही.

ब्रिन कोस्टेलेकी आली तेव्हा दोनशे साठ होते तिच्याकडे
आणि आरसा टेपनं चिकटवलेली गाडी.
सकाळी ती तेलाच्या नळावरून उडायची,
वॉटफर्ड सिटीच्या पुढपर्यंत, खालून, सावकाश,
गवत कुठे काळं पडलंय का, कुणी खणतंय का,
रोज तीच रेघ.
दुपारी शिकाऊ पोरांना उतरायला शिकवायची,
म्हणजे उतरता न येणाऱ्यांबरोबर उतरायची.
धुकं पडलं की माझ्या खोलीत बसून राहायची.
ते धरत नाहीत.
उणे तीसमध्ये इंजिनावर रजई टाकून
हातांवर फुंकर घालत थांबायची.
तेही नाही.
एका पोराला वर ओकारी झाली, ती तिनं पुसली.
मी विचारलं, हे कुठे लिहितेस?
म्हणाली, पगाराच्या चिठ्ठीवरसुद्धा नाही, लिओ.

मार्चमध्ये पंधराशे झाले.
कुणीतरी केक आणला, त्यावरचं विमान उलटं होतं.
चौथ्या दिवशी कंपनीतून फोन.
डोळ्यांत तेल घालून बसलेल्या कुणा कारकुनाला
दोन वर्षांमागच्या एका पानावर सापडलं:
हातचा एक दोनदा धरलेला.
चौदाशे नव्याण्णव.

ती हसली नाही, रडलीही नाही.
माझ्याच टेबलावर पेन्सिलीनं बेरीज पुन्हा केली,
बोटं मोजत, शाळेतल्यासारखी.
मग म्हणाली, कोट घाल.

कोट घाल म्हणजे?
बावीस वर्षांत मी वर गेलो नव्हतो.
कुणी विचारलं नव्हतं; खरं सांगायचं तर
मीही विचारलं नव्हतं.
पंप सोडून जाणार कुठे.

नळ डावीकडे राहिला.
ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.
मी काय बघायचं ते ठरवू न शकल्यानं
खाली आमचंच बघत होतो:
काडेपेटीएवढा पंप,
आणि बर्फ गेल्यावर उरलेल्या गवतात
कचेरीपासून पंपापर्यंत एक पुसट पिवळी वाट.
कुणी पाडली ती, मी विचारणार होतो.
मग कळलं.

वाट सरळ नाही.
मध्येच तिला एक वळसा आहे.
तिथे पूर्वी खांब होता.
तो काढून अकरा वर्षं झाली.

तास भरला तरी तिनं आणखी एक चक्कर मारली,
वरचा एक दशांश, म्हणाली, त्या कारकुनाला.
खाली आल्यावर वही मांडीवर घेतली:
तारीख, विमान, एक पूर्णांक एक.
शेऱ्याच्या रकान्यात माझं नाव,
फेटिगमधला एक टी गाळून.
मी काही बोललो नाही.

चाकांना ठोकळे लावले.
शिडी आणली, टाकीत डोकावलो,
किती प्यायलं ते लिहून घेतलं.
परत जाताना सरळ जायचं मनाशी ठरवलं होतं.
पाय वळलेच.